दुखण्याचे पाटीलसर

आमच्याकडे पाटील पुष्कळ. शाळेत एक पाटीलसर, पतपेढीत एक, ग्रामपंचायतीत दोघे. त्यामुळे दवाखान्यातल्या पाटीलसरांना लोकांनी आपोआप नाव पाडलं, ‘दुखण्याचे पाटीलसर’. मुरूडच्या अलीकडे खाडीच्या तोंडाशी एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे. तिथे मी केसपेपर काढायला बसते. एसटीतून उतरलेली माणसं कमरेला हात लावून माझ्या खिडकीशी यायची आणि विचारायची, “दुखण्याचे सर हायत का?” दारावरच्या पाटीवर फिजिओथेरपिस्ट असं लिहिलं होतं. ते कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

सर पेणकडचे, आगरी. वडील मिठागरावर होते, एवढंच कधीतरी त्यांच्या तोंडून निघालं होतं. उंच, किंचित डावीकडे झुकलेले, शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. खुर्चीत बसलेले ते क्वचित दिसायचे. लोखंडी कपाटाला टेकून उभे राहायचे, उभ्यानेच चहा प्यायचे, डबाही उभ्यानेच खायचे. मला वाटायचं, असते एकेकाची सवय.

त्यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर ओळीने चेहरे काढलेले. पहिला हसरा, मग हळूहळू तोंड वाकडं होत जाणारे, शेवटचा रडका. आपलं दुखणं कुठल्या चेहऱ्याएवढं आहे ते पेशंटने बोट लावून दाखवायचं. सर नवीन होते तेव्हाची गोष्ट. कोळीवाड्यातली ठकूबाई आली. तिने रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि पदरात तोंड घालून खदाखदा हसली. “मेल्याचं त्वांड तरी बगा!” म्हणाली. तिच्या मागोमाग हमीदाखाला आल्या. रात्रभर झोप लागत नाही म्हणून सून त्यांना घेऊन आली होती. खालांनी पहिल्या, हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “अल्लाचा शुकर हाय.” सून त्यांच्याकडे बघतच राहिली. नंतर दामू ठाकूर आला. हा ट्रेलर चालवायचा. त्याने तक्त्याकडे बघितलंही नाही. “मी काय बालवाडीत हाय? इंजेक्शन द्या नि मोकला करा.”

सगळे गेल्यावर सरांनी तक्ता काढला. खिळा तेवढा राहिला.

“ज्योती, रडक्या बाईकडून मासे कोण घेतं?” ते मला म्हणाले. “ती हसतच सांगणार. आणि खाला तक्रार करणार नाहीत. त्यांना ती देवाची केल्यासारखी वाटते. दामूला तर दुखतंय हे कबूल करणंच जिवावर येतं. तिघांनाही सारखंच दुखत असेल. पण ह्या चेहऱ्यांत तिघांपैकी एकाचाही चेहरा नाही.”

त्यानंतर ते एकच प्रश्न विचारायला लागले. “दुखतंय म्हणून काय सुटलं?”

ठकूबाईला हा प्रश्न पहिल्यांदा कळलाच नाही. मग तिने डोक्यामागे हात न्यायचा प्रयत्न केला, खांद्याशी अडला. “वेनी सुटली,” ती म्हणाली. “हात वर जात नाय. पोरीला सांगते घालायला, तर ती म्हनते, आता या वयात कशाला?” एवढं बोलताना मात्र ती हसली नाही.

सर दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीबाजारात गेले. मला म्हणाले, चल. ठकूबाई ओट्याखाली जमिनीलगत फळी मांडून बसली होती. सकाळपासून दुपारपर्यंत वाकून मासे कापायचे, वाकूनच पाट्या उचलायच्या. सरांनी आधी मांदेली घेतली, भाव केला, ठकूबाईच्या चार शिव्या ऐकल्या. मग कोपऱ्यात पडलेले दोन थर्माकोलचे खोके आणून तिच्या फळीखाली सरकवले. फळी उंच झाली. “आता काप,” म्हणाले. शेजारच्या कोळणी ओरडल्या, “सर, ही आता टेबलावर जेवनार!” सगळा बाजार हसला. दोन दिवसांनी मी भाजीला गेले तेव्हा अर्ध्या बायकांच्या फळ्या खोक्यांवर चढलेल्या होत्या.

खांद्याचे व्यायाम ती घरी करेना. मग सरांनी दवाखान्याच्या मागच्या पडवीत बुधवारी सगळ्या कोळणींना एकत्र बोलावलं. एकटीला व्यायाम दिला की ती करत नाही, पाचजणींना दिला की एकमेकींना चिडवत करतात, असं त्यांचं म्हणणं. तसंच झालं. त्यांच्या गप्पांचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत यायचा. पावसाळा संपता संपता एके बुधवारी ठकूबाई अबोलीची वेणी घालून आली. वेणी थोडी तिरकी बसली होती. सरांनी बघितलं आणि दुसऱ्या बाईचा हात धरून, “अजून वर,” म्हणाले.

दामू ठाकूरशी त्यांची भाषाच निराळी. दोघेही आगरी, दोघांचेही आवाज मोठे. दामूला इंजेक्शन हवं होतं आणि सर त्याचं नावही काढू देत नव्हते.

“मना गारीवर जायचाय!” दामू ओरडला.

“मंग मी पन येतंव,” सर त्याच्याच बोलीत ओरडले.

आणि खरंच गेले. थळकडून खत भरून निघालेल्या ट्रेलरमध्ये दामूशेजारी चढले. चढताना मी बघत होते. आधी उजवा पाय, मग दांडीला धरून सगळं अंग वर खेचलं आणि क्षणभर तसेच लोंबकळत राहिले. मला वाटलं, ट्रेलर उंच असतो म्हणून. परत आले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता, पण खुशीत होते. दामूचं पाकीट त्यांनी सगळ्यांना काढून दाखवायला लावलं. लायसन, पीयूसीचे कागद, देवीचे फोटो, कुणाकुणाची कार्डं, असं फुगून विटेएवढं झालेलं. पॅन्टच्या मागच्या खिशात. त्या विटेवर एका बाजूने बसून हा माणूस वर्षानुवर्षं गाडी हाकत होता.

“पाकीट पुढच्या खिशात. आणि वडखळला उतरून चालायचं. चहा उभ्याने.”

महिन्याभराने दामू आला. “निम्मा गेला सर. निम्मा हाय.”

“निम्मा राहणार,” सर म्हणाले. “तो जाईल असं मी तुला सांगत नाही.”

दामूने खिशातलं पाकीट चाचपलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा, निदान आमच्या दवाखान्यात तरी, आवाज खाली आणून विचारलं, “मंग नातवाला उचलायचा नाय?”

“बसून मांडीवर घे. त्याला चढू दे. तू उचलू नको.”

हे उत्तर त्याला पटलं की नाही मला कळलं नाही. पण नंतर तो इंजेक्शन मागायचा थांबला.

हमीदाखालांच्या वेळी मात्र सगळं अवघड होतं. परक्या पुरुषाने हात लावलेला त्यांना चालत नव्हता, आणि सरांनी तो आग्रह कधी धरला नाही. त्यांनी खोलीच्या मधोमध पडदा लावला. पडद्याच्या आत खाला आणि मी. पडद्याबाहेर सर, खिडकीकडे तोंड करून. ते सांगायचे आणि मी करायचे. “ज्योती, मानेच्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेव. दाबू नको. नुसते ठेव. खाला, कुठे जास्त वाटतं?” खाला माझ्या कानात सांगायच्या, मी मोठ्याने सांगायचे. सरांना ते ऐकू यायचंच, तरी मी बोलून होईपर्यंत ते थांबायचे.

खालांचं सगळं अंग दुखायचं. मान, खांदे, मनगटं, गुडघे, रोज निराळं. तिन्ही मुलगे आखातात. त्यांनी मुंबईला पाठवून सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. फाइल जाड झाली होती आणि तिच्यात काहीच निघालं नव्हतं. एकदा मधल्या मुलाचा फोन आला. सुनेने स्पीकरवर ठेवला. तो तिकडून चिडून बोलत होता. “डॉक्टरसाब, सगले रिपोर्ट नॉर्मल हायत. अम्मीला काय नाय. तिला एकटं वाटतंय, तेवढंच हाय. तुमी तिला सांगा, काय नाय म्हनून.”

सर खिडकीकडे बघत होते. म्हणाले, “रिपोर्ट नॉर्मल आहेत. आणि तुझ्या आईला दुखतंय. दोन्ही खरं आहे. एकटं वाटत असेल तेही खरं आहे. पण दुखतंय हे मी बघतोय.”

मग तो म्हणाला, “मंग काय करू मी?”

“फोन करशील तेव्हा रिपोर्टचं विचारू नको. झोप लागली का विचार.”

पडद्याच्या आत खालांनी माझा हात धरून ठेवला होता. रडल्याबिडल्या नाहीत. फक्त बराच वेळ हात सोडला नाही.

त्यांचं काय सुटलं होतं तर जमिनीवरचा नमाज. खुर्चीवर बसून पढायच्या. सर त्यांना पहिले कितीतरी दिवस नुसता श्वास शिकवत होते. तसबीहचे मणी ओढताना श्वास आपोआप संथ होतो, तो तसाच धरून ठेवा, म्हणायचे. मग समोर उशा रचून त्यांवर वाकायचं, मग एकेक उशी कमी करत. हिवाळ्यात एकदा आमच्याच खोलीत, चटईवर, खालांनी कपाळ जमिनीला टेकवलं. वर उठताना मला आणि सुनेला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं. बसल्यावर त्या धापा टाकत म्हणाल्या, “बस. एकदा टेकलं. आता खुर्चीवरच पढेन.”

मी ते मोठ्याने सांगितलं. सर म्हणाले, “बरं.”

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की त्यांना प्रत्येकाची गुरुकिल्ली सापडायची. तसं नव्हतं. हरीनानाची सापडली नाही.

हरीनाना तांडेल होता. बोट त्याच्या हुकमावर चालायची. जाळी ओढून ओढून पाठ आणि खांदे गेलेले. पण असा हसतमुख पेशंट आमच्याकडे दुसरा नव्हता. आला की दवाखाना भरून जायचा. सरांसाठी कधी सुरमईचा तुकडा, कधी कोलंबी. सांगितलेला प्रत्येक व्यायाम समोर करून दाखवायचा. “कसा हाय हरी?” “सर, झक्कास.” सर विचारायचे, “गोळ्या खातोस का?” तो म्हणायचा, “कवातरी एकादी.” सरांनी त्याला अनेकदा बजावलं होतं की दुकानातून घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या रोज खाऊ नको, किडनीवर जातात. तो मान डोलवायचा. सरांचा त्याच्यावर विश्वास होता. त्यांना तो आवडायचा, म्हणूनही असेल.

मग त्याचे पाय सुजले, जेवण जाईना. अलिबागला नेलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ, चहाबरोबर गोळी, असं कित्येक हंगाम चाललं होतं. घरच्यांना माहीत होतं. बोटीवर सगळ्यांना माहीत होतं, कारण सगळेच खायचे.

सर आणि मी त्याला बघायला एसटीने गेलो. गाडी रिकामी होती. सर दांडीला धरून उभेच. कंडक्टर म्हणाला, “साहेब, बसा की, जागा आहे.” सर म्हणाले, “बरं आहे असंच.” अलिबागपर्यंत उभे राहिले. घाटात गाडी वळायची तेव्हा त्यांच्या हाताच्या शिरा वर यायच्या. मी बघत होते आणि तेव्हाही माझ्या काही लक्षात आलं नाही.

डायलिसिसच्या खोलीत हरीनाना पलंगावर पडला होता. दंडातून नळ्या गेलेल्या. आम्हाला बघून हसला. सर पलंगाच्या दांड्याला टेकून उभे राहिले.

“खोटं का बोललास?” त्यांनी विचारलं. रागाने नाही विचारलं.

“तुमाला वाईट वाटला असता.”

“आता नाही वाटत?”

हरीनानाने दंडातल्या नळ्यांकडे बघितलं. मशीनचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, “सर, सिझनला बोट सोरून घरी कसा बसू? हाताखालची सात मानसं माज्यावर. गोली खाल्ली का चार तास काय कलत नाय. काय बी नाय. लय बरा वाटतं तवा.” मग त्याने विचारलं, “तुमी काय खाता?”

“काय?”

“तुमाला बी दुखतंय. कवापासून बगतंव मी. तुमी काय खाता?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग शर्टाच्या वरच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि त्याच्या चादरीवर ठेवली. हरीनानाने ती उचलली, उलटून बघितली. “हीच,” तो म्हणाला.

“हीच,” सर म्हणाले. “तुला नको म्हणायचो तेव्हाही खिशात असायची.”

हरीनाना हसायला लागला. मोठ्याने हसला, नर्स येऊन बघून गेली. सर हसले नाहीत. पट्टी त्यांनी परत खिशात घातली नाही, कोपऱ्यातल्या डब्यात टाकली.

परत येताना एसटीत त्यांनी मला सांगितलं. तरुणपणी जीप उलटली होती. कमरेचं ऑपरेशन झालं, ते नीट झालं नाही. तेव्हापासून कमरेतून डाव्या पायात जळत उतरतं. बसलं की जास्त. “पेशंटला कशाला सांगायचं?” म्हणाले. “ज्याचं स्वतःचं गेलं नाही त्याच्याकडे कोण येईल?” हे सांगतानाही ते उभेच होते आणि मी खाली बसून वर बघत ऐकत होते.

त्यानंतर गोळ्या त्यांनी सोडल्या. मग जे आजवर झाकलेलं होतं ते दिसायला लागलं. दोन पेशंटच्या मध्ये ते पेशंटच्याच पलंगावर आडवे व्हायचे, छताकडे बघत. मी खिडकीतून पुढचा केसपेपर आत सरकवला की उठायचे. काम एकही चुकवलं नाही. पण बुधवारी कोळणी चिडवायच्या तेव्हा उलट बोलायचे नाहीत. दामूशी भांडायचे नाहीत. दामूने एकदा मुद्दाम इंजेक्शन मागून बघितलं. सर नुसतं “नाही” म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. दामू बाहेर येऊन मला म्हणाला, “सरांना काय झायलाय?”

मी एकदा विचारलं, “सर, खूप दुखतं का?”

“दुखतं तेव्हा बरं असतं,” ते म्हणाले. “हल्ली पाय बधिर होतो. मग खाली लादी आहे की नाही तेच कळत नाही. आणि नुसता पायच नाही, ज्योती.” मग त्यांनी पुढचा केसपेपर मागितला. मी तो दिला.

एका बुधवारी ते पडवीतून आत आले तर डाव्या पायात चप्पल नव्हती. ती बाहेर अंगणातच राहिली होती आणि त्यांना ठाऊक नव्हतं. ठकूबाई उठली, चप्पल उचलून आणली, वाकून त्यांच्या पायासमोर ठेवली. “सर, चप्पल.” त्यांनी खाली बघितलं, मग पाय उचलून, डोळ्यांनी बघत बघत, चपलेत घातला.

हरीनाना त्या वर्षी गेला. त्या दिवशी कोळीवाड्यातली एकही बोट पाण्यात गेली नाही. आम्ही गेलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. हरीनानाची बायको दाराशी होती. तिने सरांना बघून उठायचा प्रयत्न केला, सरांनी हाताने नको म्हटलं.

“सर, शेवटाला काय दुखत नव्हता म्हनाले,” ती म्हणाली.

“काहीच नाही?”

“काय बी नाय.”

सरांनी मान हलवली. मग आम्ही निघालो. मलाही काही वाटत नव्हतं. मी घरी आले, भात लावला, कपडे वाळत घातले. दोन दिवसांनी केसपेपर काढताना हरीनानाचं जुनं कार्ड हाती आलं, ते मी जागच्या जागी ठेवून दिलं.

सर पुढे फार दिवस दवाखान्यात राहिले नाहीत. निरोपसमारंभ नको म्हणाले. त्यांच्या जागी मुंबईची एक मुलगी येते, आठवड्यातून दोनदा. चांगली आहे. पडदा तिला लागत नाही.

मी सरांना त्यानंतर एकदाच बघितलं, मागच्या मे महिन्यात. आगरदांड्याला मावसबहिणीला पोचवायला गेले होते. दिघीला जाणारी फेरीबोट लागली होती, मोटारसायकली आणि टेम्पो चढत होते. वरच्या डेकवर लोखंडी बाकं आहेत, त्यातल्या एका बाकावर सर आडवे झाले होते. भर दुपारी, सगळ्या माणसांच्या मध्ये. पाय बाकाबाहेर आलेले, शर्ट कमरेशी वर गेलेला. डोकं बायकोच्या मांडीवर. बाकाला खेटून उभी असलेली माणसं कुरकुरत होती, एकाने काहीतरी म्हटलंही असावं, कारण सरांच्या बायकोने मान वर करून त्याला उत्तर दिलं. सर उठले नाहीत. त्यांचे डोळे उघडे होते.

त्यांच्या बायकोने पदराचं टोक त्यांच्या डोळ्यांवर उन्हासाठी धरला. दुसऱ्या हाताने ती पिशवीतून जांभळं काढून खात होती आणि बिया पाण्यात टाकत होती. एक जांभूळ तिने त्यांच्या तोंडाशी नेलं. त्यांनी तोंड उघडलं.

मी धक्क्यावरून हाक मारली नाही. फळी वर ओढली गेली, बोट मागे सरकली आणि वळली, तसा तो बाक केबिनच्या आड गेला.